दोनदा मोटर बदलली, तरी व्हायब्रेशन बंदच

आमच्या चिपळुणात एक टेलरकाका आहेत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. फोनच्या रिंगचा त्यांना काही उपयोग नाही. शर्टाच्या वरच्या खिशात फोन थरथरला की कुणाचा तरी मेसेज आलाय हे त्यांना कळतं. पहाटेचा गजरही तसाच, फोन उशीखाली ठेवून. व्हायब्रेशन गेलं तर बाकीची गिऱ्हाइकं 'बघू केव्हातरी' म्हणून सोडून देतात. काकांचा मात्र फोनच बंद पडल्यासारखा होतो.

एका पावसाळ्यात त्यांचा मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन याच तक्रारीसाठी माझ्या दुकानात तीनदा आला. पहिल्यांदा मी व्हायब्रेटर मोटर बदलून दिली. अडीच आठवड्यांनी काका परत आले आणि फोनवर टाइप करून दाखवलं, "परत बंद." माल डुप्लिकेट लागला असेल, असं मी कागदावर लिहून दिलं आणि दुसरी मोटर घातली. तीही दोन आठवडेच चालली. तिसऱ्यांदा त्यांनी काही टाइप केलं नाही. नुसता फोन काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते मी केलं. काढलेल्या दोन्ही मोटरी ड्रॉवरमध्ये पडून होत्या. दोन पेन्सिल सेल एकामागे एक जोडले, दोन तारा घेतल्या आणि मोटरीच्या टोकांना लावल्या. पहिली गरगरली. दुसरीही गरगरली. म्हणजे कंपनीची मूळ मोटर आणि माझी पहिली बदललेली मोटर, दोन्ही ठणठणीत होत्या.

मोटर बदलल्यावर काही दिवस चालतं आणि पुन्हा बंद पडतं, असा अनुभव येत असेल, तर दोष मोटरीत नसण्याची शक्यता मोठी आहे. फोन उघडला, साफसफाई झाली, नवीन मोटरीचे चकचकीत पॉइंट (वीज जोडण्याच्या जागा) लागले, की तेवढ्यापुरता संपर्क सुधारतो आणि आपल्याला वाटतं मोटरच गेली होती.

फोन उघडण्याआधी

सेटिंगकडे आधी बघा. हे सांगायला लाज वाटते, पण व्हायब्रेशनच्या तक्रारी घेऊन येणारे बरेच फोन मी स्क्रू-ड्रायव्हरला हात न लावता परत दिले आहेत. साउंड अँड व्हायब्रेशनमध्ये व्हायब्रेशनचं मुख्य बटण बंद असतं, किंवा त्याची तीव्रता सरकपट्टीवर शून्याला आलेली असते. बॅटरी सेव्हर चालू असेल तर बऱ्याच फोनांत कीबोर्डची आणि टचची थरथर बंद होते, कॉलची मात्र चालू राहते. अशा वेळी गिऱ्हाईक म्हणतं, "कधी होतं, कधी होत नाही." आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत, टच या सदरात व्हायब्रेशनचं एक वेगळं बटण आहे. ते बंद असेल तर बाकी कुठेही काहीही चालू करा, फोन हलत नाही.

सेटिंग ठीक असेल तर फोनची स्वतःची चाचणी चालवा. सॅमसंगच्या बहुतेक मॉडेलांत डायलरवर *#०*# टाइप केलं की चाचण्यांचा पडदा उघडतो, त्यात व्हायब्रेशनचं बटण असतं. शाओमी-रेडमीत *#*#६४८४#*#* आहे. या चाचणीचा फायदा असा की इथे ॲप, नोटिफिकेशन, डू नॉट डिस्टर्ब ही सगळी मधली मंडळी बाजूला होतात. इथे फोन थरथरला, तर मोटर आणि बोर्ड चांगले आहेत. दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा.

आता खरी परीक्षा. चाचणी चालू असताना फोनचा खालचा भाग, जिथे चार्जिंगचं तोंड असतं तिथे, दोन्ही अंगठ्यांनी मागून-पुढून हलकेच दाबा. मग सोडा. पुन्हा जरा बाजूला दाबा. दाबल्यावर थरथर येते आणि सोडल्यावर जाते, किंवा उलट, असं झालं तर कुठेतरी संपर्क सुटतोय हे नक्की. काकांच्या फोनचं नेमकं हेच होतं आणि मी पहिल्या दोन वेळा दाबून पाहिलंच नव्हतं. बहुतेक अँड्रॉइड फोनांत मोटर खालच्या बाजूला चार्जिंग बोर्डाजवळ, म्हणजे चार्जिंगचं तोंड ज्या छोट्या बोर्डावर असतं त्याच्याजवळ असते, काहींत वर कॅमेऱ्याशेजारी. तुमच्या मॉडेलमध्ये ती कुठे आहे हे आधी एखाद्या उघडण्याच्या व्हिडिओत बघून ठेवा, म्हणजे दाबायचं कुठे ते कळेल.

दोन जातीच्या मोटरी

इथे थोडं थांबायला हवं, कारण पार्ट मागवताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पहिली जात ईआरएम. आत छोटं वजन एका बाजूला कललेलं, आणि ते फिरतं. जात्याचा खुंटा एका कडेला असतो, म्हणून हात फिरवताना सगळं अंग डोलतं ना, तसं काहीसं. जुन्या फोनांत ही बारीक दंडगोल असायची आणि तिचं वजन उघडं दिसायचं. आता बहुतेक नाण्यासारखी चपटी येते, ८ ते १० मिलिमीटर व्यासाची, सुमारे ३ मिलिमीटर जाडीची. साधारण ३ व्होल्टवर चालते आणि मिनिटाला ९ ते १२ हजार फेरे मारते. आत वीज पोचवणारे चिमुकले ब्रश असतात. ते झिजतात, त्यांची भुकटी साठते, म्हणून या जातीला आयुष्याची मर्यादा आहे.

दुसरी जात एलआरए. हिच्यात काही फिरत नाही. स्प्रिंगला टांगलेलं चुंबक कॉइलच्या जोरावर मागे-पुढे हलतं, ठरलेल्या एकाच वेगाने, सेकंदाला साधारण १५० ते २३५ वेळा. ब्रश नाहीत, म्हणून झीज कमी. सुरू आणि बंद चटकन होते, त्यामुळे टाइप करताना बोटाला नीट टकटक जाणवते. आयफोनमध्ये २०१५च्या सिक्स एसपासून जी टॅप्टिक इंजिन नावाची चौकोनी पट्टी येते ती याच घराण्यातली. आयफोन सेव्हनचं होम बटण तर दाबलंच जात नाही, 'क्लिक' झाल्याचा भास ही पट्टीच देते.

गंमत अशी की नाण्यासारखी एलआरए आणि नाण्यासारखी ईआरएम बाहेरून जुळ्या बहिणी दिसतात. ओळखायची कशी? सेल लावा. ईआरएम गरगरत राहते. एलआरए फक्त एकदा 'टक' करते आणि गप्प बसते. तार काढली की आणखी एकदा हलकं 'टक'. ती बिघडलेली नाही, तिला उलटसुलट येणारा विद्युतप्रवाह लागतो आणि सेल तो देत नाही. अशा एलआरए 'बंद आहेत' म्हणून कचऱ्यात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एलआरएला तपासताना एकच सेल घ्या आणि क्षणभरच टेकवा, कॉइल तापवत बसू नका.

फोनला एलआरए हवी आणि आपण मापात बसते म्हणून ईआरएम बसवली, तर ती नुसती गुणगुणते, फिरत नाही. ईआरएमच्या जागी एलआरए बसवली तर प्रत्येक कॉलला एक 'टक', बास. आणि एलआरएच्या जागी एलआरएच, पण दुसऱ्या मॉडेलची बसवली, तर व्हायब्रेशन येतं पण मिळमिळीत, कारण तिचा ठरलेला वेग वेगळा असतो आणि त्या वेगापासून थोडं जरी ढळलं तरी जोर झपाट्याने उतरतो. काही फोन तो वेग स्वतः शोधून घेतात, सगळे नाही. म्हणून पार्ट घेताना 'दहा एमएमची मोटर द्या' म्हणू नका, मॉडेलचं पूर्ण नाव सांगा.

उघडल्यावर

बॅटरी पंचवीस-तीस टक्क्यांच्या खाली आणून मगच फोन उघडा. भरलेल्या बॅटरीला चुकून टोचलं तर ती जास्त पेट घेते. मागची काच गोंदाने चिकटवलेली असेल तर हळूहळू गरम करा, घाईत एकाच जागी हीट गन धरू नका. मागचं कव्हर निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. नंतर स्क्रू. कोणता स्क्रू कुठला, हे कागदावर फोनचा आकार काढून त्यावर टेपने चिकटवा. एका फोनात दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर खालचा बोर्ड फुटतो. एखादा स्क्रू हरवला तर आधी स्पीकरच्या आणि व्हायब्रेटरच्या चुंबकावर बघा, दहातल्या सात वेळा तिथेच चिकटलेला असतो.

मोटर जागेवर असतानाच तिचे पॉइंट भिंगातून बघा. जोडणी तीन प्रकारांनी केलेली असते: तारा झाळलेल्या, छोट्या पट्टीचा दाबून बसणारा कनेक्टर, किंवा नुसत्या स्प्रिंगच्या जिभा, ज्या समोरच्या सोनेरी पॉइंटवर टेकून राहतात. पहिल्या दोन प्रकारांत दोष लगेच दिसतो, तार तुटलेली किंवा कनेक्टर अर्धवट बसलेला. डिस्प्ले बदलून आणल्यापासून व्हायब्रेशन गेलं असेल, तर कनेक्टरच बघा, दुसरं काही बघू नका.

छळतो तो तिसरा प्रकार. जीभ टेकलेली दिसते, पण नीट टेकलेली नसते. त्यात हा संपर्क कुठे आहे, तर खुद्द थरथरणाऱ्या वस्तूवर. प्रत्येक थरथरीला जीभ पॉइंटवर केसाच्या अंशाएवढी घासते. दाब पुरेसा असेल तर काही होत नाही. दाब कमी असेल तर वरचा सोन्याचा पातळ मुलामा हळूहळू जातो, खालचा धातू उघडा पडतो आणि त्यावर गंज चढतो. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आमटी कळकते, तोच प्रकार. कोकणातली दमट हवा त्याला मदतच करते. म्हणून हा दोष पावसाळ्यात जास्त दिसतो आणि दर वेळी दोन-तीन आठवड्यांनी परततो.

मल्टिमीटर असेल तर मोटर काढून तिचा रोध मोजा. आवाज करणाऱ्या कंटिन्युटीवर नको, ओहमवर ठेवा. कॉइलच्या रोधाला काही मीटर 'पीं' करतात, काही करत नाहीत, आणि मग उगाच गोंधळ होतो. ईआरएम असो वा एलआरए, साधारण दहा ते चाळीस ओहमच्या आसपास आकडा दिसला तर कॉइल जिवंत आहे. ईआरएमला कधी मीटर काहीच दाखवत नाही, म्हणून ती मेली असं लगेच ठरवू नका. ब्रश दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीवर थांबलेला असू शकतो. मोटरीला टिचकी मारा, पुन्हा मोजा. टिचकीनंतर आकडा आला, आणि सेलवरही दर वेळी टिचकी मारल्याशिवाय सुरू होत नसेल, तर मात्र ब्रश संपलेत, मोटर बदला.

काकांच्या फोनात काय निघालं

तिसऱ्यांदा उघडल्यावर मी मोटरीला हातच लावला नाही. बोर्ड बसवला, स्क्रू लावले, कव्हर न लावता बॅटरी जोडली आणि चाचणी चालू केली. शांत. मग लाकडी टूथपिकने चार्जिंग बोर्डावर, मोटरीला टेकणाऱ्या जिभांच्या बरोब्बर मागे दाब दिला. फोन थरथरायला लागला. टूथपिक उचलली, बंद.

म्हणजे बोर्ड त्या जागी वर उचलला जात होता. का? सगळे स्क्रू जागेवर होते. अर्धा तास डोकं खाजवल्यावर आठवलं की जूनमध्ये याच फोनचं चार्जिंग बोर्ड मीच बदललं होतं. स्क्रॅपच्या डब्यातून जुना बोर्ड शोधून काढला. त्याच्या पाठीवर, मोटरीच्या जागी, कुंकवाच्या टिकलीएवढा काळा स्पंज चिकटलेला होता. वर बसणारी स्पीकरची पेटी तो स्पंज दाबते आणि स्पंज बोर्डाच्या जिभा मोटरीच्या पॉइंटवर दाबून धरतो. बाजारातून आणलेल्या नवीन बोर्डावर स्पंज नव्हता आणि मीही जुन्यावरून काढून लावला नव्हता.

दुरुस्ती दहा मिनिटांची. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन जिभा आणि पॉइंट पुसले. पॉइंटवर काळपट डाग उरला होता, तो पेन्सिलच्या खोडरबराने दोन वेळा हलकेच घासून काढला. यापेक्षा जास्त घासू नका, उरलंसुरलं सोनंही जाईल, आणि ब्लेड तर मुळीच नको. चिमट्याने जिभा किंचित वर उचलल्या, अगदी किंचित; वाकवण्याच्या नादात जीभ मोडली तर बोर्डच बदलावा लागतो. जुना स्पंज दबून कागद झाला होता, म्हणून स्क्रॅपमधल्या दुसऱ्या फोनाचा तेवढ्याच जाडीचा कापून लावला. जाडी महत्त्वाची आहे. जास्त जाड लावला तर बोर्ड वाकतो आणि चार्जिंगची पिन तिरकी बसते, मग गिऱ्हाईक नवीनच तक्रार घेऊन येतं.

आणि मूळची, कंपनीचीच मोटर परत बसवली. दोन मोटरींचे पैसे काकांना परत दिले. त्यांनी ते शांतपणे मोजून घेतले.

खरंच मोटर बदलायची असेल तेव्हा

कधी कधी मोटर खरोखरच गेलेली असते. पाणी गेलेल्या फोनात तर बहुतेकदा. २०२१च्या जुलैमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर महिनाभर चिखल भरलेले फोन येत होते. त्यातले काही धुऊन-वाळवून चालू झाले, पण व्हायब्रेशन फार कमी फोनांचं वाचलं. नाण्यासारखी मोटर पाणी अडवत नाही. गाळ एकदा आत बसला की तिला साफ करायला वाटच नाही. असा फोन चालू झाल्या झाल्या मोटर बदलून टाका, आणि त्याच वेळी तिच्या पॉइंटवरचा हिरवट चढ नीट काढा, नाहीतर नवीन मोटरही त्याच वाटेने जाईल.

जुनी मोटर बहुधा दुहेरी टेपने खाचेत चिकटलेली असते. प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेने उचला. बॅटरी शेजारीच असेल तर धातूचं हत्यार तिकडे नेऊच नका. खाचेतला जुना टेप पूर्ण खरवडून काढा. त्याचा उरलेला तुकडा मोटरीला तिरकी बसवतो. नवीन मोटर मागच्या चिकट कागदानेच लावा. त्यावर सुपरग्लू किंवा बी-७००० हा मोबाइलचा गोंद ओतण्याचा मोह होतो, तो आवरा. गोंद कडेच्या फटीतून आत उतरतो आणि वजन जागीच जाम होतं. मी एकदा असं करून वर फोन गिऱ्हाइकालाही देऊन टाकला होता, संध्याकाळी परत आला. बसवताना अंगठ्याने मधोमध जोरात दाबू नका, कडेला दाबा. वरचं पातळ झाकण मधे दबलं की आतलं वजन त्याला घासतं आणि फोन थरथरण्याऐवजी खरखरतो.

मोटर सैल बसली तर उलट खडखड आवाज येतो आणि हाताला थरथर कमी लागते. सगळा जोर मोटर स्वतः नाचण्यात घालवते, फोनपर्यंत पोचतच नाही.

कव्हर चिकटवण्याआधी, उघड्या फोनवरच चाचणी निदान पाच मिनिटं चालवा. मग सगळे स्क्रू घट्ट करून, अंगठ्यांनी दाबून-सोडून पुन्हा चालवा. आणि ज्या फोनला पाण्यापासून संरक्षण होतं, त्याचं ते संरक्षण तो उघडल्यावर पूर्वीसारखं राहत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

मोटर चांगली, जिभा चांगल्या, दाब चांगला, तरी फोन गप्प, असं असेल तर चाचणी चालू ठेवून बोर्डाच्या पॉइंटवर व्होल्टेज मोजा. ईआरएमच्या फोनात मीटर डीसीवर असताना तीन व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. एलआरएच्या फोनात डीसीवर शून्याजवळ काहीतरी दिसेल, ते बरोबर आहे; तिथे मीटर एसीवर न्या, आणि स्वस्त मीटर इतक्या कमी व्होल्टला नीट दाखवत नाही हे धरून चाला. काहीच येत नसेल तर चार्जिंग बोर्डापासून मुख्य बोर्डाला जाणारी पट्टी दोन्ही टोकांना काढून परत दाबा, शक्य असेल तर दुसरी लावून बघा. त्यानेही नाही झालं तर मुख्य बोर्डावरचा मोटर चालवणारा आयसी (चिप) किंवा त्याची लाइन गेलेली असते. ते काम मायक्रोस्कोप आणि हॉट एअर असलेल्याकडेच द्या. मीही ते बाहेरच पाठवतो.

फोन असा दोन-चार दिवस दुरुस्तीत अडकला आणि तो माणूस काकांसारखा व्हायब्रेशनवरच अवलंबून असेल, तर बदली फोन देताना त्यात फ्लॅशचा इशारा चालू करून द्या. आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ॲक्सेसिबिलिटीच्या ऐकण्याच्या किंवा नोटिफिकेशनच्या भागात तो असतो. कॉल आला की कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकतो. काकांना तो इतका आवडला की स्वतःचा फोन परत मिळाल्यावरही त्यांनी तो चालूच ठेवलाय. आता मशीनवर टाके घालताना फोन समोरच्या खुंटीला टांगलेला असतो, दिवा दिसेल असा पालथा.